मधू, तुझी माघार मला मंजूर नाही

मधू,

परवा तुझी शोकसभा झाली. आपल्याच संग्रहालयाच्या दालनात, मधल्या भग्न मूर्तीच्या पायाशी तुझा फोटो ठेवला होता. तुझ्या मेधाच्या लग्नातला. त्यात तुझ्या डोक्यावर केशरी फेटा आहे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून कालव्यांच्या कडेने हिंडताना ज्याने मळक्या हॅटीखेरीज डोक्याला दुसरे काही लावले नाही, त्याला फेट्यात पाहून लोक हात जोडत होते. खोट्याची सुरुवात तिथूनच झाली.

एक गृहस्थ म्हणाले, "मधुकरराव म्हणजे अजातशत्रू. कुणाशी कधी वाद नाही." मग इतकी वर्षे मी कोणाशी भांडत होतो? तुझा आवाज चढला की समोरच्या घरातल्या बाई खिडकी लावून घेत, त्या कोणामुळे? मी दुरुस्ती सांगायला उभा राहिलो, तर मागच्याने खांदा दाबून मला खाली बसवले, कोणीतरी पाण्याचा पेला हातात दिला आणि ट्रस्टच्या अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केले की नानासाहेबांना भावना अनावर झाल्या आहेत. मला भावना अनावर झाल्या नव्हत्या. मला हरकत नोंदवायची होती.

पण त्यानंतर अध्यक्ष जे बोलले, त्यावर मी हरकत घेऊ शकलो नाही. ते म्हणाले, "आपला फोनवरचा वाटाड्या ठरल्याप्रमाणे सुरू होईल. नानासाहेबांनी आखलेल्या क्रमानेच. मधुकररावांनी शेवटच्या दिवसांत या क्रमाला मनःपूर्वक संमती दिली होती." लोकांनी माझ्याकडे वळून माना हलवल्या. अभिनंदनच ते. आणि ज्याने आयुष्यात एकही सभा गप्प बसून काढली नाही, तो मी गप्प बसलो. दुःखाने नव्हे, भीतीने. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण उद्या याचीही कोणी वेगळी हकिकत सांगेल.

भीती कसली, ते सांगण्यापूर्वी काही गोष्टी जागेवर लावल्या पाहिजेत. तुझ्याविषयी इतके सैल बोलले गेले आहे की कोणाला तरी हे करणे भाग आहे.

पहिली गोष्ट, वाटाड्याची कल्पना कोणाची. अध्यक्ष म्हणतात, ट्रस्टच्या सभेत चर्चेतून पुढे आली. वर्तमानपत्राने ती तुझ्या मुलीच्या नावावर टाकली, कारण मेधा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दोन्ही चूक. ती कल्पना तुला वणीच्या गडावर सुचली आणि मी शेजारी उभा होतो. मोबाइल नुकतेच सर्वांच्या खिशात आले होते. आरती चालली होती आणि आपल्यापुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी आपला फोन डोक्यावर उंच धरला होता. तू त्यांना विचारलेस, तर त्या म्हणाल्या, "आईला चढवत नाही आता. घरी बसून ऐकतीये." तू प्रसादाची रांग सोडून माझ्या दंडाला धरलेस. "नाना, इथला आवाज घरी जातो, तर तुझा आवाज आपल्या दालनात का नाही राहायचा?"

त्या वेळी माझा घसा बसू लागला होता. नव्वदच्या दशकात आपण दोघांनी त्या जुन्या धर्मशाळेच्या दालनात संग्रह मांडला, तेव्हापासून येईल त्याला छडी हातात घेऊन मी सगळे समजावून सांगत आलो. निवृत्त मुख्याध्यापकाला दुसरे काय येते? वस्तू बहुतेक तुझ्या. कालव्याच्या खोदाईत निघालेले दगड, खापरे, नाणी, लोकांच्या माळ्यांवरून मागून आणलेली भांडी. डॉक्टरांनी मला बोलणे कमी करायला सांगितले आणि तुला वाटले, आता दालन मुके होणार. म्हणून वाटाड्या. दाराशी एक नंबर लिहायचा, येणाऱ्याने तो लावायचा, फोन कानाला धरून चालायचे आणि माझा आवाज त्याला दालनभर हिंडवून आणणार. वेगवेगळे आकडे दाबण्याची भानगड नको, असे आपण दोघांनीही ठरवले. चष्मा घरी विसरून येणारी माणसे आपल्याकडे जास्त.

हे एकमत झालेले मला आठवते, कारण ते शेवटचे.

मग तुझ्या घराच्या ओसरीवर तू खडूने अख्खे दालन आखलेस. दार, मधली मूर्ती, भिंतींतले दगडी कोनाडे. वहिनी चहा घेऊन आल्या की विचारत, "भाऊजी, पाय कुठे ठेवू?" आणि तू ओरडायचास, "सातवाहनांवर नको!" वाक्ये तू लिहायची आणि मी ती वाचायची, अशी वाटणी होती. तू शेलाट्या वाक्यांचा माणूस, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी तुझे ते 'असावे'. हे भांडे धान्याचे असावे. हा दिवा देवळातला असावा. मी म्हणालो, "मुलांना 'असावे' शिकवून पास करता येत नाही. 'आहे' म्हण." तू म्हणालास, "गुरुजी, इथे कोणी परीक्षेला येत नाही." तू मला गुरुजी फक्त टोचायला म्हणत असायचास. शोकसभेत कोणी सांगितले की तू मला आदराने गुरुजी म्हणायचास. आदराने!

मेधाच्या खोलीत दाराला गोधड्या टांगून, पंखा बंद करून, ऐन उन्हाळ्यात मी सगळा मजकूर वाचला. मी बोलत असताना देवळालीच्या बाजूने तोफांचा सराव सुरू झाला आणि काचा थरथरल्या. त्या वेळी मी वीरगळापाशी होतो. तो दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीत, मधल्या कोनाड्यात बसवलेला दगड. कोणीतरी लढताना पडला, त्याच्यासाठी कोणीतरी उभा केला; नाव कोरलेले नाही. मी थांबलो. तू म्हणालास, "थांबू नको. लढाईचाच भाग आहे, आवाज फुकटात मिळतोय." मग मी तुझे ते वाक्य वाचले, ज्यावर आपण आठवडाभर भांडलो होतो: 'हा कोण होता, आम्हाला ठाऊक नाही.' मी ते खोडून टाकावे म्हणत होतो. संग्रहालयाने आपल्याला ठाऊक नसल्याचे ओरडून सांगावे, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते. पण वाचले. आणि वाचून होताच माझ्या शेजारी तू 'हं' केलेस. जिंकल्याचा, समाधानाचा हं. मी पुन्हा ध्वनिमुद्रण करायची मागणी केली. तू घाम पुसत उठून गेलास.

आता त्या दिवसाविषयी, ज्याची हकिकत सगळे हसत सांगतात आणि सगळेच चुकीची सांगतात. वाटाड्याची चाचणी. लोक म्हणतात, फोन बिघडला. फोन उत्तम होता. बिघडलो होतो आपण.

माझ्या नेहमीच्या पद्धतीने सगळा क्रम उजव्या हाताने सुरू होत होता. दारातून आत आले की उजवीकडच्या कोनाड्यात गोदाकाठच्या खडीत सापडलेली दगडी हत्यारे, मग मातीची भांडी, नाणी, समोर वीरगळ, पुढे एका कोनाड्यात समया आणि भाले, दुसऱ्यात तांब्याचे घंगाळ आणि पितळी स्टोव्ह, आणि फिरून दाराशी येताना डावीकडे विहिरीवर बैलांनी ओढायची चामडी मोट. अंधारातून उजेडाकडे, अश्मयुगातून घरापर्यंत. मी छडी घेऊन पुढे चालत असे तेव्हा लोक माझ्या मागे मुकाट्याने उजवीकडे येत. पण त्या दिवशी मी नव्हतो, माझा नुसता आवाज होता.

पिंपळगाव बसवंतहून द्राक्षबागाईतदारांचे एक कुटुंब आले. पाटी नसताना त्यांनी दाराशी चपला काढल्या. मधली मूर्ती पाहून हात जोडले. ती कोणत्या देवतेची, यावर आपले दोघांचे कधी जुळले नाही, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. आणि मग देवाला उजव्या हाताला ठेवून ती सगळी माणसे सरळ डावीकडे वळली. प्रदक्षिणा अशीच घालतात. जन्मभर नाशकात राहून, घाटावर आणि देवळांत वाढून, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आले नाही! त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आजी मोटेपुढे उभ्या, कानाला फोन, आणि फोनमधून मी सांगतो आहे, "आपल्यासमोर दगडाची हत्यारे आहेत."

"दगुड?" आजी फोनला म्हणाल्या. "अवो नाय, ही मोट हाय! आमच्या मळ्यात व्हती अशी."

"यांच्या कडा नीट पाहा. त्या मुद्दाम छिलून धारदार केलेल्या आहेत."

"चामड्याला कुठली धार आलीय? बघा तरी नीट, मास्तर!"

मला मास्तर म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले, देव जाणे. आवाजावरूनच कळले असावे. पुढे स्टोव्हपाशी मी नक्षीच्या भांड्यांविषयी बोललो, समयांपाशी नाण्यांविषयी, आणि आजी दर कोनाड्यापुढे माझी चूक काढत गेल्या. फक्त वीरगळापुढे त्या थांबल्या, ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, आत्ता बोलला बरोबर." तू भिंतीला टेकून हसत होतास, आणि मग पायांत बळ न राहिल्यासारखा खाली बसून हसलास. मला तेव्हा राग आला. तुला धाप तेव्हाच लागत होती, हे आता लक्षात येते.

त्या संध्याकाळी खरा वाद झाला. मी म्हणालो, दाराशी दोरी लावू, बाण काढू, माणसांना उजवीकडे वळवू. तू म्हणालास, "माणसं नाही वळणार. आपण इतिहास वळवू." मोटेपासून सुरू करायचे, म्हणजे जे त्यांच्या ओळखीचे आहे तिथून. मग स्टोव्ह, घंगाळ, समया, वीरगळ, नाणी, भांडी, आणि शेवटी दगड. कोनाडे भिंतीतले, वस्तू हलत नव्हत्या. मजकूरच उलटा लिहावा लागणार होता.

"म्हणजे शेवटी दगडापाशी नेऊन त्यांना सोडायचं?" मी विचारले. "तिथे सांगायला काय आहे? कोणाचा हात, कोणती भाषा, काही माहीत नाही. माणूस बाहेर पडताना हातात काय घेऊन जाईल?"

"तेच."

"काय तेच?"

"काही माहीत नाही ते." मग तू माझ्याकडे रोखून पाहिलेस. "घाबरलास काय, गुरुजी?"

मी म्हणालो, "मुख्याध्यापक कोणाला घाबरत नसतो."

त्यानंतर अनेक दिवस हाच वाद. तू मजकूर उलट्या क्रमाने लिहायला घेतलास. अध्यक्षांनी मध्यस्थी करून पाहिली आणि कपाळाला हात लावून निघून गेले. मग तुला ती धाप लागली आणि देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेले. मी तुला भेटायला आलो तेव्हा तोंडावर मास्क होता. मी म्हणालो, "तुझ्या क्रमाचं शेवटचं कलम तू अजून लिहिलेलं नाहीस. दगडाचं." तू मास्क बाजूला करून म्हणालास, "लिहितो. घाई काय आहे?" आपले शेवटचे बोलणे हे. यात संमती कोठे आहे?

पण मेधा म्हणते की मी गेल्यानंतर तू तिला म्हणालास, "नानाला सांग, त्याच्या क्रमाने लाव."

मी तिला पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती रडली. "काका, बाबा दमले होते. ते म्हणाले ते मी सांगितलं. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

मेधा खोटे बोलत नाही. तिला मी लहानपणापासून ओळखतो; ती तुझ्यासारखी हट्टी आणि वहिनींसारखी सरळ आहे. आणि म्हणूनच, मधू, मला भीती वाटते. लोक तुझ्याविषयी जे खोटे बोलतात त्याची मला भीती नाही, ते मी खोडून काढीन. भीती वाटते ती हे एक खरे असेल याची. तू थकून हात खाली टाकला असशील याची. मी खुर्चीवर बसून माझे मुद्दे जुळवत होतो आणि समोरचा माणूस तोवर उठून गेला होता, याची.

मी भित्रा माणूस नाही. एका पावसाळ्यात गोदेचे पाणी धर्मशाळेच्या पायऱ्यांना लागले तेव्हा आपण दोघेच आत होतो. स्वयंसेवकांनी संग्रह वाचवला, हीसुद्धा लोकांची हकिकत; स्वयंसेवक पाणी उतरल्यावर आले. पाणी उंबऱ्याशी होते आणि आपण भांडत होतो, आधी नाणी उचलायची की भांडी. मला जरासुद्धा भीती वाटली नाही. आता कळते, ती का वाटली नाही. भांडणाऱ्याला भ्यायला सवड नसते.

आता सवड आहे. दुपारी झोप लागते आणि जाग येताना वाटते, कोणीतरी 'चूक' म्हणाले, आणि खोलीत कोणी नसते. मी काहीही बोललो तरी लोक मान हलवतात. घरात, ट्रस्टमध्ये, रस्त्यात. माझे वय झाले आहे म्हणून ते मला सगळे बरोबर म्हणतात. मी चुकीचे बोललो तर मला आता कोण सांगणार? आणि मी गेल्यावर त्या दालनात कोण उभे राहून म्हणेल की नानासाहेब असे नव्हते? मलाही एखादा फेटा बांधतील.

काल दालन बंद असण्याचा वार होता, मी किल्ली घेऊन गेलो. दुपारची वेळ होती. तुझा फोटो अजून मूर्तीपाशी होता. मी चपला काढल्या, दारावरचा नंबर लावला, फोन कानाला धरला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच डावीकडे वळलो.

माझा आवाज दगडांविषयी सांगू लागला आणि माझ्यापुढे मोट होती. माझ्या वडिलांच्या विहिरीवर अशीच होती. तिच्या चामड्याचा ओला वास मला आला, आणि माझा आवाज तिकडे दगडांच्या कडांचे वर्णन करत होता. आजींना राग का आला ते समजले. स्टोव्हपाशी आईचा हात आठवला, पंप मारताना हलणाऱ्या बांगड्या. तांब्याचे घंगाळ. आजोबांच्या अंघोळीचे पाणी. मग समया, भाले. ओळखीचे एकेक मागे पडत चालले होते. आवाज तिकडून येत होता, मी इकडून जात होतो.

आणि वीरगळापाशी आम्ही भेटलो. दोन्ही क्रमांत मधला कोनाडा एकच. माझ्यापुढे तो बिननावाचा माणूस होता, कानात काच थरथरल्याचा आवाज आला, लांबची तोफ, आणि माझा आवाज म्हणाला, "हा कोण होता, आम्हाला ठाऊक नाही." आणि त्यानंतर तू म्हणालास, "हं."

मी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. मेधा परवाच म्हणत होती, "काका, घरात बाबांचा आवाज कुठेच नाही. कुणी कधी घेतलाच नाही." तुझी सगळी वाक्ये माझ्या आवाजात आहेत. तुझा स्वतःचा आवाज जगात एवढाच उरला आहे, एक हं, आणि तो मी पुसून टाकायला सांगितला होता म्हणून तू उठून गेला होतास.

पुढे नाणी, पुढे भांडी. त्यांपुढे माझा आवाज आता समयांविषयी, घंगाळाविषयी, घरादाराविषयी बोलत होता, आणि मी उलट दिशेने चाललो होतो. शेवटी दगडाचा कोनाडा आला. आवाज म्हणाला, "येथे आपली फेरी पूर्ण होते. धन्यवाद." फोन बंद झाला. मी एकटा दगडापुढे उभा राहिलो. तो मुठीत मावेल एवढा आहे. कोणाची तरी मूठ होती. तिच्यामागे एक माणूस होता, त्याच्याशी भांडणारा आणखी कोणी असेल, आणि त्यांतले काहीच उरलेले नाही, नुसती धार उरली आहे. मी खाली बसलो. तू हसताना बसला होतास त्याच भिंतीला टेकून.

घरी येऊन मी अध्यक्षांना फोन केला. सांगितले, क्रम डावीकडून लावायचा, मोटेपासून दगडापर्यंत.

"अहो नानासाहेब, पण तुमचाच क्रम मंजूर झालाय!"

"त्याला माझा विरोध आहे."

"तुमच्याच क्रमाला तुमचा विरोध? आणि मधुकररावांची संमती होती हो."

"त्यांची होती. माझी नाही."

ते म्हणाले, विश्रांती घ्या. त्यांना वाटते, मला भ्रम झाला आहे. सभेत मी पुन्हा हेच बोलणार आहे आणि ते मंजूर करून घेणार आहे; मला अडवून धरू शकेल असा एकच माणूस त्या ट्रस्टवर होता.

मधू, तुझे म्हणणे मला पटलेले नाही, हे ध्यानात ठेव. इतिहास अजूनही दगडापासूनच सुरू होतो. परंतु तू तुझी बाजू सोडून गेलास, आणि ती अशी रिकामी ठेवून मला माझी बाजू चालवता येत नाही. म्हणून ती मी धरून ठेवतो. तू माघार घेतली असशील, तर ती मला मंजूर नाही.

शेवटचे कलम, दगडाचे, तू लिहिले नाहीस. ते आता मीच लिहून काढले. मी त्यात 'आहे' कोठेही घातलेले नाही. रविवारी मेधा गोधड्या टांगणार आहे. मी तिला बजावले आहे की आवाज थरथरला तर थरथरू दे, साफ करायचा नाही. त्या दिवशी तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही मी बदलतो आहे. हो, घाबरलो. पण वाचीन. 'हा कोणाच्या हातात होता, आम्हाला ठाऊक नाही' एवढे वाचीन, आणि त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडीन, तू हं म्हणायचास तेवढी.